न्यू जर्सीत ट्यूलिप कधी लावायचे आणि खारींचं काय करायचं

तुमचे प्रश्न दोन: कंद ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच दुकानात आलेत, ते लगेच लावू का? आणि गेल्या वर्षी खारींनी सगळे ट्यूलिप उकरून खाल्ले, यंदा काय करू?

डॅफोडिल आणि क्रोकस ऑक्टोबरमध्ये खुशाल लावा, त्यांना मुळं धरायला वेळ लागतो. ट्यूलिप मात्र थांबवा. सहा इंच खोलीवर माती ५५ फॅरनहाइटच्या खाली गेली की लावा. तुमच्याकडे हे साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होतं. उबदार, ओल्या मातीत ट्यूलिपला बुरशी लवकर धरते. तोवर कंद कागदी पिशवीत, हवेशीर थंड जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेत तर सफरचंदं तिथून हलवा. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी मरते आणि वसंतात नुसती पानं येतात. डॅफोडिलचे कंद कांद्याच्या टोपलीजवळ अजिबात ठेवू नका. ते दिसतात कांद्यासारखे, पण विषारी असतात.

लावताना प्रत्येक कंद दाबून बघा. बुडाची चकती मऊ लागली तर टाकून द्या, वरची तपकिरी साल सुटली असेल तर चालेल. टोक वर, चकती खाली. खड्डा ट्यूलिपला ८ इंच, डॅफोडिलला ६, क्रोकसला ४. दोन ट्यूलिपमध्ये ५ इंच अंतर पुरे. चिकणमाती असेल तर फूटभर खणून दोन-तीन इंच कंपोस्ट मिसळा. नुसती वाळू घालून निचरा सुधारत नाही, माती आणखी घट्ट बसते. शेवटी एकदा भरपूर पाणी द्या.

खारींना भुसभुशीत झालेली ताजी माती आणि वास, दोन्ही बोलावतात. म्हणून गळालेल्या सालींचा कण न् कण उचला आणि बोनमील (हाडांच्या भुकटीचं खत) घालू नका. पहिल्या वर्षीचं फूल कंदात आधीच तयार असतं, खताची तेव्हा गरजही नसते. खात्रीचा उपाय एकच: एक इंच भोकांची कोंबड्यांची जाळी. कंद मातीने झाकून, वरून दोन इंच खाली ती आडवी अंथरा, कडा चहूबाजूंनी खाली दुमडा आणि उरलेली माती टाका. कोंब भोकांतून आरामात वर येतात. भोवती डॅफोडिल लावले की ट्यूलिप वाचतात, यावर विसंबू नका. खार डॅफोडिल सोडून नेमका ट्यूलिप काढते.

हरणं येत असतील तर जाळीचा उपयोग नाही, ती एप्रिलमध्ये कळ्याच खातात. अशा अंगणात ट्यूलिपवर पैसे घालू नका, डॅफोडिल आणि अॅलियम (शोभेचा कांदा) लावा.

फुलं सुकली की फक्त देठ कापा. पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे सहाएक आठवडे, तशीच राहू द्या, पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्यावरच पोसतं. ट्यूलिप पुन्हा यावेत असं वाटत असेल तर डार्विन हायब्रिड जात घ्या. बाकीच्या बऱ्याच जाती दुसऱ्या वर्षी पानांवरच भागवतात.