चाळिसाव्या वर्षी सुवर्ण जिंकता येतं, म्हणजे बायथलॉन हा कमी दमाचा खेळ आहे का?

बायथलॉन म्हणजे बर्फावर स्की करत जायचं आणि मधेमधे थांबून रायफलने नेम मारायचा. तुम्ही विचारलंय की नॉर्वेचा बायथलॉनपटू ओले आयनार ब्यॉर्नडालेन चाळिशीत ऑलिंपिक जिंकला, तर या खेळात नुसत्या नेमावर भागत असेल का? नाही भागत. उलट दमलेल्या अंगाने नेम धरायचा, हाच तो खेळ.

मी मालवणचा. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे. बायथलॉनची रायफलही त्याच बोअरची, म्हणजे तेवढ्याच नळीची असते. माझं ग्रुपिंग चांगलं यायचं, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागायच्या. दोन वर्षांपूर्वी चिवल्याच्या किनाऱ्यावर फुगे फोडायच्या गाडीवर दहाला नऊ-दहा फुगे सहज फुटायचे. एकदा भाच्याबरोबर ओल्या वाळूतून जीव तोडून धावलो आणि तसाच जाऊन बंदूक खांद्याला लावली. दहातले तीन फुटले. बंदुकीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, छातीच्या ठोक्याबरोबर वर-खाली होत होती. श्वास रोखावा तर डोळ्यांपुढे अंधारी, सोडावा तर फुगा जागेवर नाही. गाडीवाले काका म्हणाले, "आज काय झाला रे तुका?" त्या दिवसापासून मी या खेळाच्या शर्यती शोधून शोधून पाहतो.

खरा प्रकार याहून कितीतरी कठीण. (आपल्याकडे पोहणं आणि धावणं अशा स्पर्धेलाही बायथलॉन म्हणतात, ते वेगळं.) पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन बर्फावर स्की करत यायचं आणि ५० मीटरवरची पाच लक्ष्यं पाडायची. पालथं पडून मारताना लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, म्हणजे मोठ्या रातांब्याएवढं. उभ्याने मारताना ११५ मिलिमीटरचं, सोललेल्या नारळाएवढं. स्प्रिंट नावाच्या शर्यतीत प्रत्येक चुकलेल्या गोळीमागे १५० मीटरची जादा फेरी मारावी लागते. त्यात वीसेक सेकंद जातात.

आता ८ फेब्रुवारी २०१४, रशियातल्या सोचीचं हिवाळी ऑलिंपिक, १० किलोमीटर स्प्रिंट. ब्यॉर्नडालेनला चाळीस वर्षं पूर्ण होऊन बारा दिवस झाले होते. त्याची एक गोळी चुकली, दंडाची फेरी मारावी लागली, आणि तरीही तो १.३ सेकंदाने जिंकला. ते वीसेक सेकंद त्याने पायांनी भरून काढले. दम नसता तर कुठून भरले असते? पुढे त्याच ऑलिंपिकमध्ये मिश्र (स्त्री-पुरुष एकत्र) रिलेचं सुवर्णही त्याच्या संघाला मिळालं.

आणि ही काही एका दिवसाची कमाई नव्हे. १९९४ मध्ये लिलहॅमरला, स्वतःच्या देशात, तो रिकाम्या हाताने परतला होता. १९९८ ला नागानोत दाट धुकं आणि हिमवर्षावामुळे स्प्रिंट अर्ध्यात थांबवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, ती त्याने जिंकली. आदल्या दिवशी अंगातलं सगळं ओतून झाल्यावर पुन्हा तेवढंच काढायचं! मला तर सॉल्ट लेकइतकंच ते मोठं वाटतं. सॉल्ट लेक म्हणजे २००२, पुरुषांच्या चार शर्यती आणि चारही त्याच्या. २००६ ला ट्युरिनमध्ये मात्र दोन रौप्यं आणि एक कांस्य, सुवर्ण नाही. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये रिलेचं सुवर्ण. अशी आठ ऑलिंपिक सुवर्णं. त्याच्या वेगाबद्दल शंका असेल तर आणखी एक सांगतो: २००६ मध्ये त्याने नुसत्या क्रॉस-कंट्री स्कीइंगची विश्वचषक शर्यतही जिंकली होती, जिथे रायफलच नसते.

वय आडवं आलं नाही असं मात्र नाही. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकसाठी नॉर्वेच्या संघात त्याची निवड झाली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते हे त्याचं एक कारण सांगितलं. ज्या धडधडत्या ठोक्यांना सांभाळत ट्रिगर दाबत त्याने वीसहून अधिक वर्षं काढली, तेच ठोके. ते वाचलं तेव्हा मला चिवल्यावरची ती हलणारी माशी आठवली.