जाड संदर्भग्रंथ पाहिला की धीर खचतो. वाचनाची गोडी कशी लागेल?

आपण लिहिले आहे की नागपुरात एम.ए.ला प्रवेश घेतल्यापासून ग्रंथ उघडताच ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे वाटते आणि म्हणून वाचावेसेच वाटत नाही. माझ्या मते येथे आळस हे कारण नसून क्रम उलटा लागला आहे. गोडी लागली की वाचू, असे आपण म्हणता, पण गोडी बहुधा जमू लागल्यानंतर येते.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेल्या स्व-कार्यक्षमतेच्या संकल्पनेनुसार, एखादे विशिष्ट काम आपल्याला साधेल हा विश्वास चार गोष्टींतून घडतो: स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्याच माणसाला ते साधलेले पाहणे, इतरांचा दिलासा आणि शरीर-मनाची अवस्था. यांत पहिली सर्वांत प्रभावी मानली जाते, म्हणूनच नुसत्या ‘तू करू शकतोस’ या भाषणांचा प्रभाव दुसऱ्या दिवशी ओसरतो.

तेव्हा संपूर्ण ग्रंथाऐवजी एका प्रकरणातील चार पाने घ्यावीत, पुस्तक मिटून त्यांचा आशय पाच ओळींत लिहावा, आणि अडलेल्या शब्दांची स्वतंत्र वही ठेवावी. भंडारा, गोंदियाकडून मराठी माध्यमातून आलेल्यांनी त्याच विषयावरील मराठी पुस्तक आधी वाचण्यात कमीपणा मानू नये. इंग्रजी ग्रंथ नंतर पुष्कळच सुसह्य होतो. शक्य असल्यास एक वर्ष पुढे असलेल्या, पण फारशा ‘हुशार’ न समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर ग्रंथालयात बसावे. सुवर्णपदकविजेत्याकडे पाहून दडपणच वाढते, असा निदान माझा अनुभव आहे.