मुरुमांसाठी क्लिंडामायसिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र असलेलं जेल लावणं सुरक्षित आहे का?

हो, नीट लावलं तर आहे. पण मेडिकलमध्ये "मुरुमांवर काहीतरी द्या" म्हटल्यावर हेच हातात पडेल असं नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा काकूने तिला एक ट्यूब आणून दिली. "माझ्या भाचीला आठवड्यात लागू पडली." हिलाही पडली. लाली गेली, चेहरा उजळला, लग्नाच्या फोटोंत नितळ दिसते. ट्यूब थांबली आणि चेहरा पेटला. कुकरची वाफ लागली तरी आग, गालांवर बारीक लाल शिरा, हनुवटीवर लव आणि पूर्वीपेक्षा जास्त फोड. पुन्हा लावली की शांत, सोडली की तेच. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं तिसरं म्हणजे स्टेरॉइड. हे मिश्रण वांगासाठी असतं, मुरुमांसाठी नाही! २०१८ मध्ये अशी स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली, तरी चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. काकू अजून म्हणते, "अंगात उष्णता होती." उष्णतेने हनुवटीवर लव येत नाही, कातडी पातळ होत नाही. ते स्टेरॉइडनेच होतं.

तुमच्या जेलमध्ये स्टेरॉइड नाही. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक, नुसतं तेच लावत राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, बेंझॉइल पेरॉक्साइडच्या बाबतीत तसं होत नाही, म्हणून ही जोडी. फक्त फोडावर टिपके देऊ नका, मुरुम येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावा. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. सुरुवातीला एक दिवसाआड, वरून मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के पुरे, जास्त टक्क्यांनी आगच जास्त होते. अभ्रे-टॉवेल पांढरे वापरा, रंग उडतो. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. आठवड्यात चेहरा उजळवणारी ट्यूब मिळाली तर आधी तिच्यावरची नावं वाचा.

डोळे, ओठ, नाकपुड्या टाळा. चेहरा सुजला किंवा रक्ताचे जुलाब झाले तर लगेच बंद. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मोठ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील तर नुसत्या जेलने भागणार नाही. आणि मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर नवी आणू नका, पण एकदम सोडूही नका. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, घरातलं कुणी काहीही म्हणो.