राजीनामा लिहून द्या म्हणतात, देऊ का?

या खेपेला आलेल्या पत्रांतली अर्ध्याहून जास्त एकाच विषयावर आहेत, नोकरकपात आणि एचआर. गंमत म्हणजे कोणाचाच राग मालकावर नाही, सगळा एचआरवर. वाचताना मला थोडं टोचलं, कारण मी स्वतः 24 वर्षं त्याच खुर्चीत बसलोय. लागलो तेव्हा दारावर पर्सोनेल अशी पाटी होती, मग ती काढून ह्युमन रिसोर्स लावली, खुर्ची तीच राहिली. चार पत्रं घेतो.

प्रश्न : काका, गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये मला 11 वर्षं 7 महिने झाले. गेल्या शुक्रवारी साडेचारला एचआरमधून फोन आला, दोन मिनिटं येऊन जा. आत गेले तर एचआरची मॅडम, प्लांट हेड आणि टेबलावर माझाच राजीनामा टाइप करून ठेवलेला, 'वैयक्तिक कारणास्तव'. बाजूला टिश्यूचा डबा, नवाकोरा, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. ही तीच मॅडम जिने चवथीला माझ्या घरी बसून नेवऱ्या खाल्ल्यात, सासूच्या ऑपरेशनची रजा मी हिच्याकडे रडून मागितली होती. म्हणाली सही केलीस तर दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं एक्सपीरियन्स लेटर, नाही केलीस तर टर्मिनेशन, मग पुढे कुठे घेणार नाहीत. माझ्यानंतर लागलेल्या दोघी अजून लॅबमध्येच आहेत. मी सोमवारपर्यंत वेळ मागून आले. सही करू का? आणि माणूस असं कसं वागतो हो?
– नाव छापू नका, फोंडा

उत्तर : मासिक छापून हातात पडेपर्यंत सोमवार उलटून जाणार म्हणून या ताईंना मी फोनवरच सांगितलं की सही करू नका, आता इतरांसाठी सविस्तर लिहितो.

तुम्हाला काढतायत ते त्यांच्या गरजेने, मग कागदावर कारण तुमचं वैयक्तिक का? कारण राजीनामा दिला की तुम्ही आपणहून गेलात, आणि आपणहून जाणाऱ्याला कपातीची भरपाई द्यावी लागत नाही. सगळी मेख इथे आहे. कपात केली तर कायद्याने एक महिन्याची नोटिस किंवा तेवढा पगार, वर दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसंच आहे, त्यामुळे कोणी 'नवीन कायदा आलाय, आता ते सगळं गेलं' असं सांगितलं तर मान डोलावू नका. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ताईंची 12 वर्षं झाली. 12 गुणिले 15 दिवस, ढोबळ सहा महिन्यांचा पगार, अधिक नोटिशीचा एक, असे सात. समोर ठेवले होते दोन. टिश्यूचा डबा वेगळा.

नव्या संहितेत आणखी एक आहे जे एचआर स्वतःहून सांगणार नाही. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने शेवटच्या 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम रिस्किलिंग फंडात, म्हणजे नवीन काम शिकायला मदत म्हणून असलेल्या निधीत, भरायची, आणि ती 45 दिवसांच्या आत त्या कामगाराच्या खात्यात यायला हवी. राजीनामा देणाऱ्याला यातला रुपया नाही.

नंतर लागलेल्या दोघी आत आणि तुम्ही बाहेर, हाही मुद्दा आहे. एकाच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो हा सर्वसाधारण नियम, तो मोडायचा तर कंपनीला कारण लेखी नोंदवावं लागतं. आणि उद्या तीच जागा परत भरायची झाली तर कपात झालेल्यांना आधी विचारायला हवं. राजीनामा दिलेल्याला कोण विचारतो.

आता टर्मिनेशनची भीती. कपात म्हणजे शिक्षा नव्हे. गैरवर्तनासाठी काढायचं तर आरोपपत्र लागतं, चौकशी लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, शुक्रवारी साडेचारला टेबलावर कागद सरकवून ते होत नाही. मी हे वाक्य स्वतः वापरलेलं आहे, 'तुझ्याच भल्यासाठी सांगतो, रेकॉर्ड खराब नको', त्यामुळे ते किती पोकळ असतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल माझ्या लेटरवर एक्झिक्युटिव्ह लिहिलंय, मी कामगार कुठे. हुद्द्याच्या नावाला कायद्यात फार किंमत नाही, दिवसभर हाताने काय करता ते बघतात. लॅबमध्ये सॅम्पल टेस्ट करणं हे तांत्रिक काम आहे, तुमच्या हाताखाली माणसं नाहीत, कोणाची रजा तुम्ही मंजूर करत नाही, मग नुसत्या एक्झिक्युटिव्ह शब्दाने कोणी मॅनेजर होत नाही. सुपरवायझरला मात्र 18 हजारांची पगाराची मर्यादा आहे, त्यावर असाल तर गोष्ट वेगळी.

ग्रॅच्युइटीचा हिशोब मी मागून बघितला. बेसिक आणि डीए मिळून 22 हजार. एचआरच्या कागदावर 11 वर्षं धरून 1,39,615 रुपये लिहिलेत. इथेही सहा महिन्यांवरचं पूर्ण वर्ष धरतात, 22 हजार गुणिले 15 भागिले 26 गुणिले 12, म्हणजे 1,52,307. साडेबारा हजारांचा फरक, मुद्दाम केला की सॉफ्टवेअरने केला देव जाणे. ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरली की राजीनामा दिला तरी मिळते आणि 30 दिवसांत मिळायला हवी, तेव्हा 'सही केलीस तर ग्रॅच्युइटी देतो' असं म्हणणारा तुमचेच पैसे तुम्हाला बक्षीस म्हणून देतोय.

ज्यांनी घाबरून सही केली आहे त्यांनी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, आपल्या खासगी मेलवरून कंपनीला लिहावं की अमुक वाजता बोलावलं, अमुक लोक होते, तयार कागदावर दबावाखाली सही घेतली. लांबलचक नको, शिव्या तर नकोच. मग पणजीला पाटोवर श्रम शक्ती भवनात लेबर कमिशनरचं ऑफिस आहे तिथे अर्ज द्या, ते दोन्ही बाजूंना बोलावून समेटाचा प्रयत्न करतात, नाही जमलं तर प्रकरण पुढे जातं. वेळ लागतो, खोटं का सांगू. पण कंपनीला लेबर ऑफिसचं पत्र गेलं की दोन महिन्यांचे चार होताना मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेत.

राहिला शेवटचा प्रश्न, माणूस असं कसं वागतो. ताई, नेवऱ्या तिने मनापासूनच खाल्ल्या असतील. पण भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, कारभारी कितीही गोड असला तरी मुंडकाराच्या, म्हणजे त्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, बाजूने साक्ष द्यायला येत नाही, त्याचा पगार भाटकार देतो. आपण त्याच्याकडे घरचं सगळं बोलून बसतो आणि मग केसाने गळा कापला म्हणून रडतो. एचआरशी भांडू नका आणि मन मोकळंही करू नका, जे काय ते कागदावर.

प्रश्न : मी पर्वरीला घरून बंगळूरच्या आयटी कंपनीसाठी काम करायचो, तीन वर्षं. सकाळी अकराला 'क्विक कनेक्ट' म्हणून मीटिंग आली, मला वाटलं अप्रेझल. एचआरच्या माणसाने कॅमेरा बंद ठेवून एक पान वाचून दाखवलं, मध्ये मी काही विचारलं तर तो परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. अकरा वीसला लॅपटॉप लॉक. आता म्हणतात रिझाइन टाक, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, 45 दिवसांनी, आणि जॉइनिंग बोनस परत कर. आपण फॅमिली आहोत असं दर टाउनहॉलला सांगायचे.
– पर्वरीचा वाचक

उत्तर : फॅमिली शब्द ऐकला की मी आधी अपॉइंटमेंट लेटर शोधायला सांगतो. तुमचं वाचलं. बोनस परत करायचं कलम म्हणतं की कर्मचाऱ्याने स्वतःहून नोकरी सोडल्यास. कंपनीने काढल्यास असं कुठेही नाही. आलं लक्षात, रिझाइन टाक का म्हणतायत? एका दगडात दोन पक्षी. तेव्हा मेल करा की मी राजीनामा दिलेला नाही, तुम्ही काढताय, तसं पत्र द्या. लेटरमध्ये दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटिस आहे, ती पाळा किंवा पगार द्या. शिल्लक रजेचं कंपनीच्या पॉलिसीत बघा.

45 दिवस ही जुनी सवय. वेतन संहितेप्रमाणे काढलं, कपात केली किंवा राजीनामा दिला तरी पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, आणि ही संहिता मॅनेजरलाही लागू आहे, त्यामुळे तुम्ही कामगार की नाही हा वाद इथे येतच नाही. तो वाद कपातीच्या भरपाईसाठी येईल, तुम्ही टीम लीड असलात तरी दिवसभर कोडच लिहीत असाल तर वकिलाला जरूर दाखवा. ग्रॅच्युइटी तीन वर्षांवर नाही, तुम्ही ठराविक मुदतीच्या करारावर असता तर गोष्ट वेगळी होती.

पैसे देताना एक रिलीज लेटर पाठवतील, त्यात 'कंपनीकडे माझा कोणताही दावा उरलेला नाही' अशी ओळ असते. पैसे खात्यात आल्याशिवाय त्यावर सही नको. आणि ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो, हे लोकांना हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं. त्याच विमा कंपनीकडून तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो, आजच विचारा. गोव्यात पाच वर्षं राहत असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही काढून ठेवा. पीएफ मात्र फोडू नका, नवीन नोकरीत ट्रान्सफर करा, पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि मधले पैसे काढणारे तिथेच अडकतात.

प्रश्न : मी एचआरमध्येच आहे, 26 वर्षांची, ज्युनियर. 40 नावांची यादी मला एक्सेलमध्ये आली आणि पत्रं मीच टाइप केली, त्यात माझ्या शेजारचे काकाही आहेत. आता कंपनीच्या बसमध्ये माझ्या बाजूची सीट रिकामी असते, उभे राहतील पण बसणार नाहीत. यादी मी केली का? पुढच्या यादीत मी स्वतः असेन असंही वाटतं.
– एक वाचक, वेर्णा

उत्तर : असू शकशील, बाय. लोक काढून झाले की लोक काढणारेही जास्तच होतात.

सीट काही दिवस रिकामी राहील, ते सोस. माझी एक गोष्ट सांगतो. ज्याचा राजीनामा मी घेतला होता असा एक मशीन ऑपरेटर दीड वर्षाने फोंड्याच्या मासळी बाजारात भेटला, बांगडे घेत होता. मी तोंड चुकवत होतो, त्यानेच हाक मारली. म्हणाला, साहेब, त्या दिवशी तुम्ही मला तीनदा पाणी विचारलंत. मला पाणी नको होतं, हिशोबाचा कागद हवा होता, तो मिळायला चार महिने लागले, पोराच्या फीसाठी बायकोची पाटली गेली. बस, एवढं बोलून बांगडे घेऊन गेला, पिशवीतून पाणी गळत होतं ते मला अजून दिसतं.

तेव्हा यादी तुझ्या हातात नाही पण हिशोब आहे. वर्षं नीट मोज, पीएफला नोकरी सुटल्याची तारीख लगेच टाक, कारण ती नसली की पुढे सगळं अडतं, एक्सपीरियन्स लेटर त्याच दिवशी दे. आणि वरून कोणी म्हणालं की राजीनामेच घे, तर ती सूचना मेलवर माग. बहुतेक वेळा मेल येत नाही. ज्यांना लेखी द्यायची हिंमत नाही त्यांच्यासाठी तू तोंडी का करायचं?

शुक्रवारी संध्याकाळीही बोलावू नकोस कोणाला. शनिवार-रविवार ऑफिसं बंद, माणूस कोणाला विचारणार? आम्ही शुक्रवार त्यासाठीच निवडायचो, हे लिहायला लाज वाटते पण लिहितो.

प्रश्न : माझे पती कुंडईच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत सात वर्षं पॅकिंगला होते. कंपनीचा एचआर म्हणतो हा आमचा माणूस नाही, कंत्राटदार फोन उचलत नाही. दीड महिन्याचा पगार बाकी आहे. याला ले-ऑफ म्हणायचं का?
– माशेल

उत्तर : नाही. पेपरवाले काहीही लिहोत, कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरतं बंद, नाव मस्टरवर आणि अर्धा पगार. तुमच्याकडे सरळ हात वर केलेत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये परत, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागात असंच झालं, ट्रकवाला, बार्जवरचा खलाशी, गॅरेजवाला, कोणाचाच कोणी एचआर नव्हता.

पण पगाराचं तसं नाही. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी कारखान्यावर येते, त्याने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावा. हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. पगारातून ईएसआय कापत असतील तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचंही विचारून घ्या, नोकरी गेलेल्याला 90 दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी कमाईचा भाग मिळतो. पाटोच्या लेबर ऑफिसात अर्ज द्यायला जाताना गेटपास, बँकेचं पासबुक, पीएफचे मेसेज, असेल तर पगाराची चिठ्ठी घ्या, नसेल तर सोबत काम केलेला एकजण न्या. आणि गेटपास परत मागितला तर आधी झेरॉक्स काढा, मग द्या.