मे महिन्यातली बाग

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या बागेची जबाबदारी प्राचार्यांनी तुझ्यावर सोपवली, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेला आराखडा निवांत बसून पाहिला. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत लॉन, मध्ये कारंजं, दोन्ही अंगांना पाम. चित्र देखणं आहे. पण हे सगळं मे महिन्यात कसं दिसेल, याचा विचार केलास का?

कॉलेजच्या बागेचं भवितव्य मे महिन्यात ठरतं. वनमहोत्सव जुलैत असतो. 1950 साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी तो सुरू केला तेव्हापासून पावसाच्या तोंडावर झाडं लावायची रीत पडली, आणि ती योग्यच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) मुलं खड्डे खणतात, पाहुणे पाण्याची झारी धरतात, फोटो निघतात. पुढचे तीन-चार महिने पाऊसच सांभाळतो. मग मार्चपासून परीक्षा लागतात, मुलं गावी जातात, बोअरचं पाणी खाली जातं आणि नेमका तेव्हाच माळीही लग्नसराईसाठी रजेवर असतो. गुडघाभर उंचीचं रोप त्या उन्हात एकटं उरतं. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप लावलं जातं. म्हणून अहवालात किती रोपं लावली हे लिहू नकोस. 1 जूनला किती जिवंत होती, तेवढंच लिही.

लॉनला माझा विरोध आहे, हे स्पष्टच सांगते. त्याची मुळं वरवर असतात, त्यामुळे दख्खनच्या उन्हाळ्यात त्याला जवळजवळ रोज पाणी लागतं. वर त्यावर कुणी बसू नये म्हणून तार लावावी लागते. जिथे मुलं बसू शकत नाहीत ती कॉलेजची बाग कसली? सावली आधी, फुलं मग, आणि लॉन हवंच असेल तर मुख्य इमारतीपुढे चटईएवढं.

आपल्याकडची कितीतरी झाडं भर उन्हाळ्यातच खुलतात. करंजाचं बघ. वसंतात पानं झडतात न झडतात तोच तकतकीत पोपटी पालवी येते आणि मेमध्ये त्याखाली गार सावली असते. त्याच्या पानांवर बारीक गाठी उठतात. त्या पाहून कुणी ‘झाड रोगट आहे, तोडा’ म्हणालं तर ऐकू नकोस. कोळी नावाच्या अगदी सूक्ष्म किडीमुळे त्या होतात आणि झाड तिला पुरून उरतं. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी भरतो. ताम्हण, आपलं राज्यपुष्प, त्याच सुमारास जांभळं होतं. मात्र त्याला ओल आवडते, तेव्हा ते मैदानाच्या खालच्या अंगाला, पावसाचं पाणी मुरतं तिथे लाव. कुसुमाची लाल पालवी एकदा पाहिलीस की वेगळं सांगावं लागणार नाही. ही झाडं सुरुवातीचे दोन-तीन उन्हाळे जगली की पुढे फारसं काही मागत नाहीत.

ते पहिले उन्हाळे कसे काढायचे? रोपाशेजारी चांगलं भाजलेलं, पण बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. माती सुकेल तसं पाणी आपोआप पाझरतं, वरून ओतलेल्या पाण्यासारखं उडून जात नाही. बुंध्याभोवती वाळक्या पानांचं जाड आच्छादन कर, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नकोस. आवारातला पालापाचोळा जाळणं तर आजच्या आज बंद कर. प्रत्येक इमारतीमागे एक खतखड्डा असला की झाडणाऱ्या मावशींचेही कष्ट वाचतात.

एकदा कोल्हापूरला जाऊन ये. शिवाजी विद्यापीठ 1962 साली स्थापन झालं. त्याचा 853 एकरांचा पसारा आज हिरवा दिसतो, पण ती मुळात माळरानाची जमीन. आवारातली तळी आणि विहिरी मुद्दाम हिंडून बघ, कारण बागेची गोष्ट पाण्यापासूनच सुरू होते. मग वनस्पतिशास्त्र विभागाचं उद्यान पाहा. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या दुर्मीळ खर्पुडींवर फार मोलाचं काम केलं आहे. कंदिलासारख्या फुलांच्या या वनस्पतींतल्या अनेक जाती जमिनीखाली कंद धरतात. उन्हाळ्यात वर काडीसुद्धा दिसत नाही, पाऊस पडला की कोंब येतो. अशी जागा मेमध्ये रिकामी वाटते आणि कुणीतरी उत्साहाने कुदळ घालतं. तुझ्याकडे अशीच कंदातून उगवणारी रानहळद असेल तिथे आत्ताच दगडांची कड करून पाटी लाव.

पाटी जमिनीत रोवायची. झाडाला खिळे ठोकू नकोस.

जुन्या झाडांबद्दल मला जास्त काळजी वाटते. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत 1871 च्या सुमारास मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान म्हणून पूर्ण झाली. तिथले थोरले वड पाहताना लक्षात येतं की असं झाड कुठल्याही आराखड्यात ‘बसवता’ येत नाही, आराखडाच त्याच्याभोवती आखावा लागतो. तुझ्या आराखड्यात सायकल स्टँडसाठी चिंच काढायची खूण आहे. ती खोडून टाक. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण परवानगी मिळेल म्हणून तोडायचं असं नाही. स्टँड चिंचेखालीच कर. आणि पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवू देऊ नकोस, निदान एक मीटर माती मोकळी ठेव. पार बांधतानाही खोडावर भराव टाकला की साल कुजते, हे गवंड्याला समोर उभं राहून सांग.

शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरतात आणि पदवीदानात सप्तपर्णीचं पान द्यायची परंपरा आहे, हे तू वर्गात ऐकलं आहेस. तीच आपली सातवीण. उत्साहाने दहा-वीस मागवू नकोस. ऑक्टोबरच्या आसपास तिच्या फुलांचा वास इतका उग्र होतो की काहींचं डोकं दुखतं. एक पुरे, तीही वर्गखोल्यांपासून लांब.

तुमच्या माळीकाकांशी अजून बोलली नसशील तर उद्याच बोल. आमच्याकडचे काका मनगटभर खोल माती उकरायचे आणि मुठीत दाबायचे. गोळा झाला तर पाणी बंद, भुगा सुटला तर द्यायचं. वरची माती वाळलेली दिसते म्हणून पाणी ओतणाऱ्या मुलांना ते तोच हात पुढे करून दाखवायचे. बागेच्या समितीत माळीकाकांचं नाव घाल आणि बैठकीत त्यांना खुर्ची दे. त्यांची रजा कधी आहे ते जानेवारीतच विचार, म्हणजे बदली माणूस ठरवता येईल. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हणून भाड्याच्या कुंड्या आणायचं ठरलं, तर तेच पैसे त्या बदली माणसाच्या दोन महिन्यांच्या पगारासाठी माग. प्राचार्य ऐकतील. तू हिशेब मांडून दाखवलास की ते ऐकतात, हे तुझ्याच पत्रावरून दिसतं.

आता आराखडा नव्याने काढ. आधी उभी असलेली झाडं नावानिशी, मग पाण्याच्या जागा, मग मुलं दुपारी डबा खायला कुठे बसतात त्या जागा. त्यानंतर उरेल ते तुझं. मला दिवाळीआधी पाठव, आणि सोबत एप्रिल-मेचं पाण्याचं वेळापत्रकही जोड. सुट्टीत मी तिकडे येणार आहे, तेव्हा दोघी मिळून फिरू.

तुझी,
बाई