बोटीच्या पुढच्या केबिनमधली गळती

गादी ओली दिसली म्हणून लगेच सीलंटची नळी घेऊन धावू नकोस. आधी थेंबभर पाणी जिभेला लाव. गोडं लागलं तर पावसाचं किंवा टाकीचं. खारट असेल तर बहुधा समुद्राचं. पण डेकवरचं वाळलेलं मीठही फसवतं.

पाणी टपकतं तिथूनच शिरतं असं नाही, अस्तरामागून हातभर सरकतं. आत सगळं पुसून टिश्यू पेपर चिकटव, म्हणजे पाणी कुठून आत येतं ते त्यावर दिसेल. बाहेरून पाइपाने बारीक धार सोड, खालून वर, एकेका जागी दहा मिनिटं. कंटाळा येतो, पण घाई केलीस तर चुकीचाच बोल्ट उघडशील.

हॅचवर, म्हणजे डेकवरच्या झडपेवर, सगळ्यांचा संशय. माझ्याकडे मात्र चोर निघाला रेलिंगच्या खांबाचा बोल्ट. फिटिंग काढून जुनं सीलंट पूर्ण खरवड, ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) लाव आणि बोल्ट न फिरवता खालून नट आवळ.