घराच्या नूतनीकरणात वीजकामाचे वाजवी कोटेशन कसे मिळवावे?

घराचे नूतनीकरण काढल्यावर वायरिंगसाठी तीन इलेक्ट्रिशियनांकडून कोटेशन घेतले, त्यांतील सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दुपटीहून अधिक निघाला, तर वाजवी कोणता हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. नूतनीकरणाची अंदाजपत्रके तपासणे हा माझ्या कामाचाच भाग असल्यामुळे असा फरक मला नेहमी दिसतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे लबाडी नसते. तिघांनी तीन निराळ्या कामांचे भाव सांगितलेले असतात. एकाने जुन्याच पाइपांतून नवी वायर ओढायची असे धरलेले असते, दुसऱ्याने भिंतीत झिऱ्या पाडून सगळे पाइप नव्याने टाकायचे असे, तर तिसऱ्याने वायर आणि स्विच घरमालकच आणून देणार असे. असे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

म्हणून कोणालाही बोलावण्याआधी कामाची यादी आपण स्वतः लिहून काढावी. प्रत्येक खोलीत दिवे किती, पंखे किती, सॉकेट कुठे आणि किती उंचीवर, कोणता दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद व्हायला हवा, कोणत्या उपकरणांना मुख्य डीबीपासून (घरभर वीज वाटून देणाऱ्या पेटीपासून) स्वतंत्र वायर हवी, हे सगळे त्यात यावे. पलंग, कपाटे आणि स्वयंपाकाचा ओटा कुठे येणार हे ठरवल्याशिवाय ही यादी खरी होत नाही, कारण कपाटामागे गेलेले सॉकेट नंतर हलवावे लागते आणि ते वाढीव काम म्हणून महाग पडते. हीच यादी, एक शब्दही न बदलता, तिघांनाही द्यावी आणि तिघांनीही जागा प्रत्यक्ष पाहावी असा आग्रह धरावा. फोनवरून सांगितलेला भाव मी तरी विचारात घेत नाही.

दर बहुधा ‘पॉइंट’वर, म्हणजे दिवा, पंखा किंवा सॉकेट यांच्या प्रत्येक जोडणीमागे, सांगितला जातो आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. एका पॉइंटच्या दरात पाइप, वायर, बॉक्स, स्विच, प्लेट आणि मजुरी एवढे सगळे धरले आहे की फक्त मजुरी, हे लिहून घ्यावे. त्याच बोर्डावरचे छोटे सॉकेट वेगळा पॉइंट मोजणार का, दोन ठिकाणांहून चालणारा दिवा एक पॉइंट की दोन, मोठ्या उपकरणाच्या सॉकेटला कोणता दर, हेही आधीच ठरावे. याखेरीज डीबीपासून प्रत्येक स्विचबोर्डापर्यंत येणारी मुख्य वायर अनेकदा पॉइंटमध्ये धरतच नाहीत. ती मीटरवर मोजली जाते, आणि डीबी घराच्या एका टोकाला असेल तर पॉइंटचा कमी दर पाहून वाटलेली बचत त्या लांबीतच संपते. झिऱ्या बुजवून प्लास्टर कोण करणार आणि राडारोडा कोण उचलणार, हे दोन प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण काम संपताना वाद बहुधा यांवरूनच होतात.

मालाच्या बाबतीत ‘चांगल्या प्रतीचा’ हे शब्द कोटेशनमध्ये असले तर त्यांची किंमत शून्य समजावी. वायर तांब्याची आहे ना, जाडी किती, कंपनी आणि मालिका कोणती, हे नावानिशी हवे. साधारणपणे दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, नेहमीच्या सॉकेटसाठी २.५ आणि गीझर किंवा एअर कंडिशनरसारख्या उपकरणांसाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरतात; प्रत्यक्ष जाडी भारावर, लांबीवर आणि एका पाइपात किती वायरी आहेत यावर ठरते. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतो, तेव्हा त्याच वायरीवर आणखी मोठी उपकरणे जोडून पैसे वाचवलेले कोटेशन स्वस्त असले तरी उपयोगाचे नाही. डीबीमध्ये किती एमसीबी (आपोआप बंद होणारे स्विच) आणि किती अँपिअरच्या, हे विचारावे. एमसीबी जादा भार आणि शॉर्ट सर्किटपासून वायर वाचवते; माणसाला बसणाऱ्या झटक्यापासून संरक्षणासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लागते, आणि भाव कमी दिसावा म्हणून गाळल्या जाणाऱ्या वस्तूंत तिचा नंबर बराच वर असतो. पंखे, दिवे यांसारख्या वस्तू मात्र कोटेशनबाहेरच ठेवाव्यात, कारण त्यांच्या आवडीनिवडीमुळे तुलना बिघडते.

जुन्या भिंतीत काय निघेल हे ती उघडेपर्यंत कोणालाच सांगता येत नाही, आणि हे स्पष्टपणे बोलून दाखवणाऱ्या इलेक्ट्रिशियनावर मी अधिक विश्वास ठेवतो. अशा कामाचा एकगठ्ठा आकडा मागण्याऐवजी वाढीव पॉइंटचा, वाढीव मीटरचा आणि वाढीव दिवसाच्या मजुरीचा दर आधीच लिहून घ्यावा, आणि लेखी होकाराशिवाय वाढीव काम सुरू करू नये.

एवढे झाल्यावर तिन्ही कोटेशन एका तक्त्यात बाबवार मांडावीत आणि एखाद्याने गाळलेल्या बाबीचा भाव त्याच्याकडूनच मागून घ्यावा. बहुतेक वेळा दुपटीचा फरक इथेच बराच आकसतो. उरलेला फरक कोणत्या बाबीत आहे ते मग दिसते आणि प्रश्नही नेमका विचारता येतो. ‘फार महाग आहे’ म्हणण्यापेक्षा ‘मुख्य वायरीची लांबी आपण इतकी जास्त का धरली?’ असे विचारल्यास उत्तरावरूनच माणसाची समज कळते. एकाचा आकडा दुसऱ्याला दाखवून भाव पाडण्याच्या मी विरुद्ध आहे. पाडलेला भाव मालाच्या प्रतीतून भरून काढला जाण्याचा धोका असतो आणि तो माल भिंतीत गाडलेला असल्यामुळे दिसत नाही. मधला आकडा सुरक्षित, असे समजूनही निवड करू नये.

पैसे टप्प्यांत द्यावेत: माल येताना काही, पाइप आणि बॉक्स बसल्यावर काही, वायर ओढल्यावर काही. प्लास्टर करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवावेत. शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यायचा, हे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे: उपकरणे जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्रावर) वायरीच्या इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम यावा, प्रत्येक सॉकेटवर अर्थिंग पोहोचलेले असावे आणि तपासणी यंत्र लावल्यावर आरसीसीबी पडते, म्हणजे वीज तोडते, का ते आपल्यासमोर दाखवावे. या चाचणीचा वेगळा आकार लागणार असेल, तर तोही पहिल्याच कोटेशनमध्ये मागावा.